भागाकाराची लाह

स्टाफरूममध्ये दोन गोष्टी साठत जातात, कान तुटलेले कप आणि किस्से. कप आमचे शिपाई भिकानाना दर दिवाळीला फेकून देतात. किस्से कोण फेकणार? चौधरी सर रिटायर झाले त्या दिवशी मी मनातल्या मनात मोजायला लागलो, तर एकट्या सरांचेच इतके निघाले की निरोपाच्या भाषणात त्यातला एकही सांगता आला नाही. म्हणून म्हटलं, बसल्या बसल्या तुम्हालाच सांगतो.

आमची शाळा शहादा तालुक्यात, प्रकाशाच्या रस्त्याला. मी चित्रकलेचा मास्तर. म्हणजे वर्गात चित्रकला, आणि उरलेल्या वेळात शाळेचा पेंटर, डेकोरेटर, प्रमाणपत्रांवर नावं लिहिणारा आणि पंधरा ऑगस्टच्या रांगोळीचा कंत्राटदार. गणिताशी माझा संबंध दहावीला सुटला, तो पस्तीस मार्कांवर. तरीही एक आठ आकडी संख्या मला झोपेतून उठवून विचारली तरी सांगता येते. ७३९३९१३३. सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहेतीस.

ही चौधरी सरांची संख्या. सर गणिताचे, तापीकाठच्या गुजर कुटुंबातले, घरी केळीचा मळा. त्यांना मूळ संख्यांचं वेड. मूळ संख्या म्हणजे जिला एक आणि ती स्वतः, या दोघांखेरीज कोणाचाच पूर्ण भाग जात नाही, ती. एवढं मलाही आता येतं. कसं आलं, तेच आधी सांगतो.

*

सर मळ्यातली केळी स्टाफरूमला आणायचे. खिडकीजवळच्या कोपऱ्यात आम्ही सहा जण बसायचो. पण सर कधी सहा किंवा बारा केळी आणतील तर शपथ! कधी सात, कधी अकरा, कधी तेरा, कधी सतरा. वाटप सेवाज्येष्ठतेने. मी सगळ्यात ज्युनिअर. सात असली की सगळ्यांना एकेक मिळून एक उरायचं, ते हेडमास्तर उचलायचे. अकरा असली की सगळ्यांना दोन, आणि मला एक.

पहिल्या वर्षी मला वाटलं, योगायोग असेल. दुसऱ्या वर्षी वाटलं, माणूस चिक्कू आहे. शेवटी एक दिवस मी भडकलो. म्हटलं, "सर, एवढा मोठा मळा तुमचा! एक केळं जास्त तोडता येत नाही?"

सर शांतपणे म्हणाले, "दोन आणि तीन सोडले तर कुठलीही मूळ संख्या घ्या आणि सहाने भागा. एकतर एक उरणार, नाहीतर एक कमी पडणार. बारा आणली असती तर तुम्ही खाऊन हात धुतले असते. आज तुम्ही विचार केलात."

"मी विचार नाही केला सर, मला भूक लागलीय!"

"सुरुवात तशीच होते," सर म्हणाले.

पुढे पावरा मॅडम विज्ञान शिकवायला आल्या. मी मनात म्हटलं, चला, सुटलो, आता शेवटचा नंबर यांचा. तर सरांनी जाहीर केलं, "मॅडम माझ्या विद्यार्थिनी आहेत. घरच्या लेकीला आधी." मी परत शेवटचा! तोपर्यंत कोपऱ्यातले एक गुरुजी रिटायर झालेले होते, म्हणजे आम्ही पुन्हा सहाच.

*

या पावरा मॅडम म्हणजे धडगावकडच्या, वर सातपुड्यातल्या. आमच्याच वसतिगृहात राहून शिकल्या. त्या आठवीत होत्या तेव्हाची गोष्ट. मी नुकताच नोकरीला लागलो होतो, म्हणून मी साक्षीदार.

सरांचा एक आवडता पाठ होता. ते फळ्यावर लिहायचे, ३१. मूळ. मग ३३१. मूळ. ३३३१, मूळ. ३३३३१, मूळ. असे डावीकडे तीन लावत जायचे आणि मुलांना सांगायचे, "कितीही तीन लावा, कोणाचा भाग जाणार नाही." मुलं टाळ्या वाजवायची. बारा वर्षं हा पाठ चालला.

त्या वर्षी ही मुलगी उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी गेली. मोहफुलं वेचायला पहाटे जायचं, ऊन चढलं की झाडाखाली बसायचं. बसल्या बसल्या ही काडीने मातीवर भागाकार करायची. जूनमध्ये शाळा उघडली, मी वर्गात मागे तक्ते टांगत होतो, आणि ही वही घेऊन सरांपुढे उभी. "सर, आठ तीन लावले की सतराने जातो."

सरांनी फळ्यावर ३३३३३३३३१ लिहिलं. सतराने भागलं. गेलं. पुसून परत भागलं. परत गेलं. तिसऱ्यांदा भागलं, तेव्हा वर्ग इतका गप्प होता की शेजारच्या वर्गातला इतिहास आम्हाला ऐकू येत होता.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला सर माईकसमोर उभे राहिले. "मी बारा वर्षं चुकीचं शिकवलं. सात तीनपर्यंत ठीक आहे. आठव्याला सतराने भाग जातो. हे या मुलीने शोधलं." एवढं बोलून खाली उतरले. मास्तर माणूस अख्ख्या शाळेसमोर चूक कबूल करतो, हे मी त्याआधी पाहिलं नव्हतं, खरं सांगतो.

इथे थांबले तर ते चौधरी सर कसले! त्यांनी हजेरीपटावरून पत्ते काढून बारा वर्षांच्या जुन्या विद्यार्थ्यांना पोस्टकार्डं टाकली. मजकूर एकच. "३३३३३३३३१ ही संख्या मूळ नाही. तिला १७ ने भाग जातो. मी वर्गात चुकीचे सांगितले होते. कृपया दुरुस्ती करून घ्यावी."

काय एकेक गमती झाल्या! म्हसावदला एका घरी कार्ड गेलं, त्यांना वाटलं लॉटरीचा नंबर आहे. सुरतेला एक जण कापड मार्केटात कामाला होता, त्याच्या शेठला वाटलं कुठल्यातरी धंद्याची चिठ्ठी आहे, त्याने दोन दिवस चौकशी केली. पण सगळ्यात भारी उत्तर आलं नवापूरहून. त्याने उलट टपाली लिहिलं होतं, "सर, आपण काळजी करू नये. मी त्या दिवशी गैरहजर होतो."

सरांनी ते कार्ड बरीच वर्षं टेबलाच्या काचेखाली ठेवलं होतं.

*

त्या दिवसापासून सरांनी नेम केला. स्वतः हाताने भागून पाहिल्याशिवाय कुठल्याही संख्येला मूळ म्हणायचं नाही. पुस्तक म्हणो, नाहीतर मोबाईल म्हणो.

एका जुन्या मासिकात त्यांना ही आठ आकडी संख्या सापडली. तिचा गुण असा, की उजवीकडून एकेक आकडा कापत जा, उरलेली प्रत्येक संख्या मूळच. ७३९३९१३३ मूळ, ७३९३९१३ मूळ, ७३९३९१ मूळ, असं करत ७३९३९, ७३९३, ७३९, ७३ आणि शेवटी ७. पण उलट तिच्या उजवीकडे एक आकडा लावू म्हटलं, तर कुठलाच चालत नाही. एक किंवा सात लावला तर लगेच तीनने भाग जातो. तीन आणि नऊ लावून पाहण्यात सरांचे दोन उन्हाळे गेले. मासिकात म्हटलं होतं, अशा संख्यांत हीच सगळ्यात मोठी.

सरांनी सातपासून सुरुवात केली आणि एकेक पायरी हाताने तपासली. सात आकड्यांपर्यंत आले. आठव्यासाठी हजारावर भागाकार करायचे होते, कारण आठ हजार सहाशेपर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागून बघायचं; त्यापुढचा भाजक असलाच, तर त्याचा जोडीदार अलीकडेच सापडतो. आणि नेमके तेव्हा डोळे गेले. मोतीबिंदू, वर साखर. डॉक्टर म्हणाले, साखर खाली आल्याशिवाय ऑपरेशन नाही. सरांना फळ्यावरचं दिसायचं, वहीतलं दिसेना. रिटायर व्हायला चार महिने.

एक दिवस ते हेडमास्तरांकडे गेले, मी तिथेच बसलो होतो. म्हणाले, "मला निरोपाला शाल नको, नारळ नको. त्या समोरच्या भिंतीवर माझी संख्या रंगवून द्या. बारा वर्षं या शाळेत चुकीची संख्या शिकवली. जाताना एक बरोबर ठेवून जातो."

हेडमास्तर म्हणजे कागदाला घाबरणारा माणूस. ते म्हणाले, "रंगवू की. पण वरून कोणी तपासणीला आलं आणि चुकीची निघाली तर उत्तर मला द्यावं लागेल. तुम्ही लेखी द्या, की मी स्वतः तपासली आहे."

मी म्हटलं, "अहो, मोबाईल एका सेकंदात सांगेल."

सर माझ्याकडे वळले. "आर्टिस्ट, मोबाईलवर चित्रंपण निघतात. तुम्हाला काढून टाकू?"

हेडमास्तरांनी कागद टाइप करून ठेवला. पण सहीची जागा कोरीच राहिली, कारण न तपासता सर सही करणार नाहीत, आणि तपासायला डोळे नाहीत.

*

मध्यंतरी भिंतीवर खडूने जागा आखून घ्यायचं काम माझ्याकडे आलं. भिंत मोठी झकास, मुलं मैदानात उतरली की समोर तीच. मी आठ आकडे मांडले. दूर जाऊन पाहिलं. काहीतरी खटकत होतं. सुरुवात सातने आणि शेवट तीनने! डावीकडे भक्कम सात आणि उजवीकडे ते वळवळणारं तीन. बॅलन्स नाही. मी शेवटच्या तीनचा सात केला. आता कसं, दोन्हीकडून कमान आल्यासारखी! मी खूश.

भिकानाना झाडू घेऊन बाजूला उभे होते. ते म्हणाले, "सर, हाऊ मोबाईल नंबर कोना शे? दोन आकडा कमी दिसतंस."

तेवढ्यात चौधरी सर आले. डोळे बारीक करून भिंतीकडे पाहिलं. वहीतलं दिसत नव्हतं, पण हातभर उंचीचे आकडे दिसत होते. त्यांनी पुटपुटत आकड्यांची बेरीज केली. "बेचाळीस! अहो आर्टिस्ट, ही तीनने जाते! पाचवीचं पोर सांगेल!"

"सर, पण शेवटी सात आला की चित्र बसतं."

"चित्र बसतं आणि संख्या मोडते! शेवटी तीनच पाहिजे."

मी सात पुसून तीन केला. अजूनही ते तीन मला खटकतं, हे मी तुमच्याशिवाय कोणाला सांगत नाही.

*

भागाकाराचा तिढा सुटला तो पावरा मॅडममुळे. एके दिवशी मधल्या सुट्टीत त्या सहज म्हणाल्या, "सर, आमच्याकडे कोणाचं एकट्याने न होणारं काम असलं, घर बांधायचं, शेत काढायचं, तर लाह घालतात. सगळं गाव येतं. मजुरी नाही. ज्याचं काम त्याने जेवू घालायचं. आपण भागाकाराची लाह घालू."

सरांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "येतील?"

"लाहला बोलावलं आणि आले नाहीत, असं होत नाही," मॅडम म्हणाल्या. "आणि एक नियम आहे. जो येईल त्याला काम द्यायचंच. कोणालाही बिनकामाचं परत पाठवायचं नाही."

"आणि दुसरा?"

"तो नंतर सांगते. आधी काम तर होऊ द्या."

रविवार ठरला. मॅडमनी तक्ता आखला. भाजक, भागाकार, बाकी. एकाने भागायचं, शेजारच्याने उलटा गुणाकार करून तपासायचं आणि सही ठोकायची. वर मोठ्या अक्षरांत ती संख्या.

तक्ते झेरॉक्सला गेले शाळेच्या गेटासमोर, रफिकभाईंकडे. रफिकभाई आधी शिंपी होते, आता झेरॉक्स. त्यांनी शंभर प्रती काढल्या आणि मग लक्षात आलं की मशीनने उजवी कड खाल्ली, शेवटचा तीन उडाला. बिचारे कागदांचा गठ्ठा घेऊन घाबरत आले. "सर, माफ करा, एक आकडा कट झाला."

सरांनी विचारलं, "कुठला? उजवीकडचा?"

"हो."

"मग हरकत नाही. तरी मूळच आहे."

रफिकभाईंना वाटलं, सर समजूत काढतायत. "आणि अजून एक कट झाला असता तर?"

"तरी मूळच."

"अजून एक?"

"रफिकभाई, सात उरेपर्यंत कापा. मूळच राहणार."

रफिकभाई कागदाकडे बघतच राहिले. "सर, तीस वर्षं कापड कापलं. एक इंच चुकलं की पीस वाया. क्या माल है ये! कितना भी काटो, खराबही नहीं होता!"

शंभर प्रती मात्र परत काढाव्या लागल्या. त्यांनी त्या फुकट काढल्या आणि रविवारी स्वतःही येऊन बसले.

*

रविवारी मैदानात सत्तरेक माणसं. आठवी-नववीची मुलं, जुने विद्यार्थी, आम्ही मास्तर लोक. सर नऊ वाजल्यापासून गेटापाशी उभे, येणाऱ्याचा चेहरा दिसत नव्हता म्हणून प्रत्येकाला नाव विचारत होते. नवापूरवाला तो गैरहजर पण आला होता. त्याने नाव सांगितलं, तेव्हा सर म्हणाले, "आज हजेरी लावतो तुझी."

मॅडमनी भाजक वाटले. प्रत्येकाला पंधराच्या आसपास. मला एकच, तीन. म्हणाल्या, "सर, तुमचा आणि तीनचा जुना हिशेब आहे." भिकानानांना दोन आणि पाच. शेवटचा आकडा नुसता बघायचा होता. त्यांनी बघितला आणि जागेवरून ओरडले, "मन्हं काम व्हई गयं!" मग दिवसभर ते हात मागे बांधून रांगांमधून फिरत होते, सुपरवायझरसारखे.

सतराच्या वेळी सर म्हणाले, "सतरा मला ठेवा." खुर्चीत बसून, डोळे मिटून त्यांनी तोंडी भागाकार केला. एकेक आकडा मोठ्याने म्हणत. "बाकी तेरा." मॅडमनी उलटा गुणाकार केला, सही केली आणि पटकन तोंड फिरवलं.

सगळे भाजक वाटून संपले आणि तेव्हा एक म्हातारबाबा आले. दित्याबाबा. आठवीतल्या एका मुलीचे आजोबा, धडगावच्याही वरच्या पाड्यातले. दोन गाड्या बदलून आलेले. कोणीतरी सांगितलं होतं, सरांची लाह आहे. म्हणून कमरेला विळा खोचून आले होते. शाळेचं तोंड कधी पाहिलेलं नाही. मॅडम त्यांच्याशी पावरी बोलीत बोलल्या आणि आमच्याकडे वळल्या. "म्हणतात, काम कुठलं आहे?"

हेडमास्तर म्हणाले, "बाबांना चहा द्या, सावलीत बसवा."

मॅडम म्हणाल्या, "असं नाही चालत. ते बसायला नाही आले."

सरांनी थोडा विचार केला. मग म्हणाले, "एक उरलाय की. एक कोणालाच दिला नाही. बाबांना सांगा, त्या भिंतीवरच्या संख्येत एक पूर्ण बसतो का, की काही उरतं, ते बघायचं."

काही मुलं हसली. सर हसले नाहीत. दित्याबाबांनी विळा काढून बाजूला ठेवला आणि लिंबाखाली भिंतीकडे तोंड करून बसले. मॅडमनी त्यांना दगड मांडून काय सांगितलं देव जाणे. बाबा दुपारपर्यंत त्या भिंतीकडे बघत होते. मग उठले, सरांसमोर आले आणि दोन्ही तळहात उघडून दाखवले. रिकामे.

"म्हणतात, काही उरत नाही," मॅडम म्हणाल्या.

सर मला म्हणाले, "आर्टिस्ट, लिहा तक्त्यात. भाजक एक, बाकी शून्य. आज एवढं एकच शून्य यायला पाहिजे."

*

दुपारी जेवण झालं. वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी. सरांच्या घरच्यांनी मळ्यातच चूल मांडली होती. चार वाजता तक्ते गोळा करायला सुरुवात झाली. मॅडम मोठ्याने बाकी वाचत होत्या आणि सर ऐकत होते. बाकी चार. बाकी एकवीस. बाकी दोनशे सहा. शून्य कुठेच नाही.

आणि एका तक्त्यावर मॅडम थांबल्या.

"काय झालं?" सरांनी विचारलं.

"सर... बाकी शून्य आहे."

"कुठल्या भाजकाला?"

मॅडम म्हणाल्या, "सगळ्याच. पंधराच्या पंधरा."

मी सरांचा चेहरा बघितला. प्रार्थनेच्या माईकसमोर होता ना, तोच चेहरा. मग त्यांच्याच लक्षात आलं. "पंधरा? पंधरा वेगवेगळ्या मूळ संख्यांनी भाग गेला तर त्यांचा गुणाकारच हिच्यापेक्षा किती मोठा होतो! शक्य नाही." पण लगेच आवाज खाली गेला. "एखाद्याने खरोखर जात असेल, तर?"

तक्ता कोणाचा? हेडमास्तरांचा! बाकीच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत सुंदर अक्षरात एकच शब्द होता, निरंक.

"साहेब, हे काय?"

हेडमास्तर गोंधळले. "अहो, तक्ता आला म्हणजे माहिती भरून द्यायची. कुठल्याही तक्त्यात शेवटच्या रकान्यात आपण निरंकच लिहितो. वेळेत गेला पाहिजे ना."

"आणि तपासणाऱ्याने सही कशी केली?"

तपासणारे कोण, तर शेजारी बसलेले भिकानाना. "सायेबनं मी काय तपासू? मी सही करी दिधी!"

लोक हसून हसून लोळले. सर मात्र हसले नाहीत. त्यांनी पंधराही भागाकार परत करायला लावले, समोर बसून. मॅडम भागत होत्या, नवापूरवाला तपासत होता. पहिलाच भाजक होता सात. बाकी दोन. मग पुढचा, मग पुढचा. अर्धा तास गेला. पंधरावी बाकी आली एकोणसाठ, तेव्हा सरांनी चष्मा काढला आणि तोंडावरून रुमाल फिरवला. मग हेडमास्तरांचा तो कागद मागवला आणि मी बोट ठेवलं तिथे सही केली.

*

भिंत मी रंगवली. निळ्यावर पांढरी. वर सात, खाली त्र्याहत्तर, असं उतरत उतरत तळाला आठही आकडे. तळाचा शेवटचा आकडा तीनच आहे, येऊन बघा.

सर रिटायर झाले. आणि मग मॅडमनी तो दुसरा नियम सांगितला. "सर, लाहला जो आपल्याकडे आला, त्याच्या कामाला आपण जायचं."

आम्हाला वाटलं, गंमत करतायत. सरांना नाही वाटलं. त्यांनी सत्तर जणांची यादी करून घेतली. भिकानानांचा कांदा निवडायला गेले. रफिकभाईंच्या दुकानात बसून कागदांना पिना मारल्या. एक दिवस आमच्या रनाळ्याच्या घरी येऊन टपकले आणि अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले. बायकोने मला आत ओढलं. "सरले शेंगा फोडाले बसाडात? लाज नई वाटस का तुमले?" आता हिला कुठून सांगू, की मी तीनने भागल्याची ही परतफेड आहे!

शेंगा फोडून झाल्यावर सरांनी दाण्यांचे डब्बे मोजले. एकशे एक डब्बे भरले असते तर खूश झाले असते, पण भरले दोनच. "दोन पण मूळच," म्हणाले आणि बसला गेले.

*

यादीत शेवटचे होते दित्याबाबा. उन्हाळ्यात निरोप आला, बाबांचं घर बांधायचंय, लाह आहे. सरांचं ऑपरेशन अजून व्हायचं होतं, म्हणून मॅडम आणि मी त्यांना घेऊन गेलो. गाडी जिथे थांबते तिथून तासभर चढ. सर माझ्या खांद्याला धरून चालत होते.

पोचलो तेव्हा निम्मं घर उभं झालं होतं. तीस-चाळीस माणसं. खालून वर एकमेकांच्या हातातून कौलं चढत होती. सर पुढे झाले. "मला काम सांगा."

सगळे थांबले. अंधुक दिसणारा साठीचा माणूस, त्याला काय सांगणार? कोणी म्हणालं, बसा गुरुजी. कोणी बाज आणली. सर बाजेवर बसले, पण अवघडून, परक्याच्या घरी बसतात तसे. दर थोड्या वेळाने मॅडमना विचारत होते, "विचारलं का? काय म्हणतात?"

दित्याबाबांनी लांबूनच हाताने खुणावलं, थांबा.

दुपार झाली. कौलं चढत गेली. सरांचा चेहरा उतरत गेला. मला राग यायला लागला होता, एवढ्या लांब आणलं आणि म्हाताऱ्याला बसवून ठेवलं म्हणून. शेवटी माणसं वरून खाली उतरायला लागली. काम संपलं होतं.

तेव्हा दित्याबाबा आले. सरांचा हात धरून त्यांना भिंतीशी नेलं. तिथे फडक्याखाली एक कौल झाकून ठेवलं होतं. एकच. वर आढ्याजवळ तेवढी एक जागा उघडी ठेवली होती. बाबांनी ते कौल सरांच्या दोन्ही हातांत दिलं.

सरांनी ते चाचपलं. मग शिडीवरच्या पोराकडे वर केलं. त्याने घेतलं आणि बसवलं.

दित्याबाबा घरात शिरले. आतून बराच वेळ वर बघत राहिले, कुठे उजेड उरलाय का ते. मग बाहेर येऊन सरांसमोर उभे राहिले आणि दोन्ही तळहात उघडले, त्या रविवारसारखेच रिकामे. सरांना ते दिसले नसावेत. त्यांनी हात पुढे करून बाबांचे तळहात शोधले, बोटांनी नीट तपासले आणि मला म्हणाले,

"आर्टिस्ट, लिहा. भाजक एक."